जपून ठेवलेले बारा स्टेन्सिल

मित्रांनो, माझं नाव ऐकून तुमच्यापैकी बहुतेकांना काहीच बोध होणार नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. मी सायक्लोस्टाइलची मशीन आहे. जुनी आहे हे वेगळं सांगायला नको. माझा डावा पाय कापडाच्या घडीवर टेकवलेला आहे आणि माझ्या हँडलची मूठ मूळची नाही, एका सुताराने लाकडाच्या तुकड्यातून घडवून दिलेली आहे. आज मी तुम्हाला माझी हकिगत सांगणार आहे. ती सगळीच आनंदाची नाही. त्यातल्या एका गोष्टीबद्दल मला अजून अपराधी वाटतं, आणि मला तोंड असतं तर ती गोष्ट घडलीच नसती, असंही वाटतं.

माझं काम कसं चालतं ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. मेण चढवलेला एक पातळ कागद असतो, त्याला स्टेन्सिल म्हणतात. टाइपरायटरची फीत बाजूला सारून त्यावर टाइप केलं, किंवा टोकदार लेखणीने रेघ ओढली, की तेवढ्या जागेवरचं मेण निघतं. मग तो स्टेन्सिल माझ्या ड्रमवर ताणून बसवायचा. ड्रमच्या पोटात शाई असते. हँडल फिरवलं की ती शाई मेण गेलेल्या रेघांतून झिरपते आणि खालून सरकणाऱ्या कोऱ्या कागदावर उमटते. एका स्टेन्सिलमधून सहज हजार प्रती निघतात. वीज लागत नाही, हाताला जोर मात्र लागतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझे दात घासून पाहणारा, माझ्या सांध्यांत तेल सोडणारा एक चष्मेवाला कारागीर आठवतो. त्याने पहिली प्रत काढली, उजेडाकडे धरली, "सरळ येतंय" एवढंच म्हणाला आणि मला खोक्यात घातलं. आयुष्यात मिळालेलं ते माझं पहिलं प्रशस्तिपत्र.

खोकं उघडलं ते एका शाळेच्या ऑफिसात. एक खिडकी, दोन टेबलं, रजिस्टरांनी फुगलेलं कपाट, आणि भाऊसाहेब. भाऊसाहेब म्हणजे शाळेचे हेडक्लार्क. त्यांचं खरं नाव त्यांनाही सही करतानाच आठवत असेल, कारण हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणत. त्यांनी मला पुसलं, शाई भरली, आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी चेष्टेत माझं नाव बाईसाहेब ठेवलं. "भाऊसाहेब घरात एका बाईसाहेबांना भितात आणि ऑफिसात दुसऱ्या," असं शिक्षक म्हणत. भाऊसाहेब हसत आणि माझा ड्रम पुसत राहत.

माणूस मोठा शिस्तीचा. पहिल्या दहा प्रती फिक्या येतात, त्या बाजूला ठेवायच्या आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर हिशेबाची कच्ची गणितं करायची. शनिवारी माझी सफाई. जाताना माझ्या अंगावर खाकी कापड. परीक्षेच्या आठवड्यात मी दिवसाला चार चार हजार कागद काढले आहेत. मुलं ज्या पेपरांना घाबरत ते आधी माझ्या पोटातून गेलेले असत, पण एक अक्षर कधी बाहेर फुटलं नाही. हेडमास्तरांनी एकदा स्नेहसंमेलनात माझं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या. मी तेव्हा इतकी फुगले होते की विचारू नका.

भाऊसाहेबांना एक लेक होती. त्याच शाळेत शिकायची आणि शाळा सुटली की वडिलांचं काम आटोपेपर्यंत ऑफिसात बसायची. टाइप करताना बिघडलेला स्टेन्सिल भाऊसाहेब तिला देत आणि सोबत शाई संपलेलं बॉलपेन. ती त्यावर चित्रं काढायची: शिपायाच्या चपला, खिडकीचा गज, घंटा. मग दोघं मिळून ते चित्र माझ्यावर चढवत. आपण एकदाच ओढलेली रेघ वीस कागदांवर वीस वेळा परत येते, आणि दर वेळी किंचित वेगळी येते, हे पाहून ती जागच्या जागी उड्या मारायची. चित्रकार व्हायचं तिने तिथेच ठरवलं असं ती पुढे सांगायची. असेलही.

मग ऑफिसात कॉम्प्युटर आला, त्याच्या पाठोपाठ प्रिंटर आला. मला कुणी वाईट बोललं नाही. फक्त एका सुट्टीत मला उचलून जिन्याखाली ठेवलं, मोडक्या बाकांच्या आणि फाटक्या नकाशांच्या शेजारी. भाऊसाहेब निवृत्त होईपर्यंत दर शनिवारी येऊन माझ्यावरची धूळ झटकायचे. ते निवृत्त झाल्यावर तेही थांबलं. नऊ वर्षं मी त्या अंधारात होते. ड्रममधली शाई वाळून दगड झाली. माझ्या कागद ठेवायच्या फळीवर उंदरांनी संसार थाटला. माझी काही चूक झाली होती का, हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला असेल, त्याला गणती नाही.

शाळेने जिन्याखालचं सामान काढायचं ठरवलं तेव्हा ही बातमी कुणीतरी भाऊसाहेबांना दिली आणि भाऊसाहेबांनी लेकीला. ती टेम्पो घेऊन आली. आता ती चाळिशीची, केसांत दोन पांढऱ्या बटा, बोटांना रंग. तिने मला पाहिलं आणि जिन्याखालीच फतकल मारून बसली. उठताना म्हणाली, "चला बाईसाहेब."

तिची काम करायची खोली एका सुताराच्या कारखान्यामागे होती. वर पत्रा, मधे लाकडी पार्टिशन, पलीकडे दिवसभर करवत. सगळीकडे भुसा. तिने आठवडाभर रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन मला घासलं. मूठ तुटली होती, ती सुताराने करून दिली, पण वर एक टोमणाही मारला. "ताई, ही तुमची मशीन म्हणजे जावयासारखी आहे. काम कमी, मान जास्त."

"काम बघाल तुम्ही," लेक म्हणाली.

आणि बघितलं त्याने. मित्रांनो, माझं दुसरं आयुष्य पहिल्यापेक्षा सुंदर होतं. लेक काचेखाली दिवा लावून त्यावर स्टेन्सिल पसरायची आणि तासन्‌तास लेखणीने रेघा ओढायची. सुताराचे हात, रंधा, शिवणाऱ्या बायकांच्या वाकलेल्या माना, बंद पडलेलं घड्याळ. मोठं चित्र असलं की चार स्टेन्सिल जोडायची. दर गुरुवारी दुपारी भाऊसाहेब यायचे, कोट काढून खुंटीला अडकवायचे आणि हँडल हातात घ्यायचे. "तू कागद सरकव, फिरवायचं काम माझं." बापलेकीचं फार बोलणं व्हायचं नाही. खटक, फर्र, खटक, फर्र, एवढाच माझा आवाज. त्या दुपारी मला कुणी विचारलं असतं, सुखी आहेस का, तर मी हो म्हटलं असतं.

तिचं नाव होऊ लागलं. प्रदर्शनात तर मलाही नेलं, चौथऱ्यावर ठेवलं आणि भोवती दोरी बांधून पाटी लावली, 'हात लावू नये'. जिला अख्ख्या शाळेने हात लावला तिच्या नशिबी ही पाटी! तिथे एका गृहस्थांनी लेकीला विचारलं, "बाई, हे कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत होईल की. मग एवढा खटाटोप कशासाठी?"

"दोन मिनिटांत होतं, हीच अडचण आहे," ती म्हणाली. "तिथे मी रेघ ओढते, पुसते, परत ओढते. शंभरदा. शेवटी मला कुठली रेघ हवी होती तेच कळेनासं होतं. इथे एकदा ओरखडलं की ओरखडलं. त्यामुळे मी आधी नीट बघते."

लोकांनी माना डोलावल्या. भाऊसाहेब गर्दीत पुढेच उभे होते, त्यांनी रुमाल काढून नाक पुसलं. मीही खूश झाले. ती बोलली ते खरंच होतं. पण हेच खरं पुढे तिच्यावर उलटणार आहे, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

अडचण शाईची नव्हती. शाई ती छापखान्याच्या काळ्या शाईत एरंडेल घालून स्वतः बनवायची. अडचण होती स्टेन्सिलची. तिच्याजवळचे संपले होते आणि ते बनवणारे कारखाने एकेक करत बंद झाले होते. सहा महिने शोधाशोध केल्यावर एका जुन्या स्टेशनरीच्या दुकानात, मागच्या गार अंधाऱ्या खोलीत, तिला एक डबा मिळाला. अठ्ठेचाळीस स्टेन्सिल. त्या दिवशी तिने सुतारालाही चहा पाजला.

अठ्ठेचाळीसचे चाळीस झाले तेव्हा ती पूर्वीसारखीच काम करत होती. तिसावर आल्यावर ती आधी साध्या कागदावर तीन-चार वेळा सराव करू लागली. विसावर आल्यावर दहा वेळा. आणि बारा उरले तेव्हा तिचा हात थांबला. तिने डबा प्लास्टिकमध्ये गुंडाळला, भुसा आणि उंदीर लागू नयेत म्हणून लोखंडी कपाटात सर्वांत वरच्या खणात ठेवला आणि किल्ली लावली.

मी हे सगळं समोरून पाहत होते, मित्रांनो. माझ्यासारखीला मेणाची नाडी कळते. स्टेन्सिल ताजे असताना वापरायचे असतात. आणि तो खण थेट तापलेल्या पत्र्याखाली! दुपारी कपाटाचं दार उघडलं की आतून भट्टीसारखी धग यायची. काढ ते तिथून, काढ आणि वापरून टाक, असं मी रोज मनात ओरडत होते. पण माझा आवाज फक्त हँडल फिरवल्यावर येतो आणि हँडल आता कुणी फिरवत नव्हतं.

अशातच भाऊसाहेबांचे डोळे बिघडले. डोळ्याच्या पडद्याचा आजार, औषध नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आधी मधलं जाईल, कडेचं त्यानंतर काही दिवस थोडंफार दिसत राहील. भाऊसाहेबांनी ते ऑफिसातल्या एखाद्या परिपत्रकासारखं शांतपणे ऐकून घेतलं, आणि पुढच्या गुरुवारी लेकीला म्हणाले, "तू सगळ्या जगाची चित्रं काढलीस. माझं एक काढ की. अजून दिसतंय तोवर बघून घेतो."

"काढते ना बाबा. नक्की काढते," ती म्हणाली. "त्या बारांपैकी एक तुमच्यासाठीच ठेवलाय. पण हात बसू दे जरा. ते चित्र बिघडून चालायचं नाही."

"इतकेच उरलेत? मग नवे मागवलेस का?"

"मागवलेत," ती म्हणाली. तेव्हा ती माझ्याकडे पाहत होती, त्यांच्याकडे नाही.

त्यानंतर दर गुरुवारी भाऊसाहेब येऊन खुर्चीत बसायचे आणि ती त्यांचा चेहरा साध्या कागदावर काढायची. कधी कान जमायचा तर हनुवटी बिघडायची. कधी सगळं जमायचं, पण ती म्हणायची, हे बाबा नाहीत, हा कुणी दुसराच माणूस आहे. कागदांचा ढीग माझ्या फळीवर साठत गेला. मला तर त्यातले कितीतरी चेहरे हुबेहूब वाटले. पण तिने एकही त्यांना दाखवला नाही. "हा सराव आहे बाबा, खरं चित्र वेगळं." भाऊसाहेब बरं म्हणायचे. हळूहळू ते दाराची चौकट चाचपत आत येऊ लागले. मग सुतार त्यांना हात धरून आणू लागला. मग एक दिवस त्यांनी लेकीला विचारलं, "आज खोलीत दिवा का नाही लावलास?" दिवा लावलेला होता.

असं दोन वर्षं चाललं. दोन वर्षं, मित्रांनो! आणि मी मधोमध उभी होते, पुसलेली, तेल घातलेली, बिनकामाची. लोक येऊन माझं कौतुक करायचे. तेव्हा पहिल्यांदा मला माझं कौतुक नकोसं झालं.

शेवटी एका गुरुवारी तिने मन घट्ट केलं. भाऊसाहेब खुर्चीत बसले. तिने कपाट उघडलं, प्लास्टिक सोडलं, पहिला स्टेन्सिल काचेवर पसरला आणि लेखणी टेकवली. मेणाचा पापुद्रा सुटून आला. तिने दुसऱ्या जागी टेकवली. तिथेही टवका. तिने कागद जरासा वाकवला तर त्याला आरपार भेगा गेल्या. दुसरा काढला. तिसरा. एकेक करत बाराच्या बारा काढले. शेवटचा तर हातात घेतानाच दुमडीवर तुटला. ती भुशात खाली बसली.

"काय झालं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"सुकलेत बाबा. सगळे."

त्यांनी हात पुढे केला. तिने एक स्टेन्सिल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बोटांत चोळला, वास घेतला.

"कधीचा डबा हा?"

"सात वर्षं झाली आणून."

"आणि ठेवला होतास कुठे?"

"वरच्या खणात. पत्र्याखाली."

"मला म्हणालीस नवे मागवलेत."

"खोटं बोलले. नवे मिळतच नाहीत कुठे."

मला वाटलं, आता भाऊसाहेब रागावणार. ऑफिसात एवढ्यासाठी त्यांनी शिपायाला फैलावर घेतलं असतं. पण ते नुसते हसल्यासारखे झाले. "बाळ, मी उभ्या आयुष्यात एक स्टेन्सिल जपला नाही. आले तसे वापरले. वार्षिक परीक्षेचा पेपर असो, नाहीतर नळ बंद करा अशी सूचना असो, दोन्ही एकाच हाताने काढले. त्यात जपायचं काय होतं?"

"मला भीती वाटत होती," ती म्हणाली. "शेवटचा म्हणून काढायला बसले आणि त्यात तुम्ही आलातच नाहीत, तर? डबा भरलेला होता तोवर मला म्हणता तरी येत होतं, काढणार आहे म्हणून."

हे ऐकलं आणि माझ्या अंगातलं तेल गोठलं. म्हणजे ती इतके दिवस माझ्याआड लपली होती. जुनी मशीन, दुर्मिळ कागद, शेवटचा डबा, हे सगळं तिला चित्र न काढण्यासाठी कामी आलं होतं. जिच्या हातून चित्रं व्हावीत म्हणून मी झिजले, तिचा हात अडवायलाही मीच कारण झाले.

"मी समोर बसलोय ना?" भाऊसाहेब म्हणाले. "मग काढ."

"कशावर काढू बाबा?"

"ते तुझं तू बघ. पण आज काढ. पुढच्या गुरुवारी मला किती दिसेल, ते मला सांगता यायचं नाही."

तिने हातावरचा भुसा झटकला. मग उठली आणि पार्टिशनपलीकडे गेली. पांढरा प्रायमर मारलेलं कपाटाचं एक दार भिंतीला टेकवून ठेवलं होतं, तेच तिने उचललं.

"अहो ताई, गिऱ्हाइकाचं दार आहे ते!" सुतार ओरडला. मग त्याने तिचा चेहरा पाहिला. "न्या. मी दुसरं करतो."

तिने माझ्यासाठी केलेली शाई थाळीत ओतली. सुताराचा वॉर्निशचा रुंद ब्रश घेतला. सराव नाही, पेन्सिलीची खूण नाही. अंगठ्याएवढ्या जाड काळ्या रेघा ती ओढत सुटली. कानासाठी एक वळण, नाकासाठी एकच झोका, चष्म्याच्या दोन गोलांसाठी अख्खा दंड फिरवला. शाई ओघळली तर ओघळू दिली. तासाभरात माणसाएवढं मोठं तोंड त्या दारावर उभं राहिलं. सुबक म्हणण्यासारखं ते नव्हतं, पण ते भाऊसाहेब होते, यात मला तरी शंका नाही.

तिने दार माझ्या टेबलाला टेकवून उभं केलं आणि वडिलांना उठवून आणलं. भाऊसाहेबांनी समोर पाहिलं आणि मान हलवली. समोरचं दिसत नव्हतं. मग त्यांनी मान वळवून डोळ्याच्या कडेने पाहिलं.

"हं. कान आहे हा." ते जरा सरकले. "नाक मोठं काढलंस."

"मोठंच आहे, बाबा."

ते हसले. खूप दिवसांनी हसले. मग मान इकडे वळव, तिकडे वळव, असं करत त्यांनी चष्मा शोधला, भुवई शोधली, हनुवटीवरचा खड्डा शोधला. प्रत्येक वेळी एक तुकडा सापडायचा आणि आधीचा हरवायचा.

"सगळं एकदम नाही गं दिसत," ते म्हणाले.

"दोन वर्षांपूर्वी दिसलं असतं."

"हो," भाऊसाहेब म्हणाले. "दिसलं असतं." ते तिचं मन राखायला खोटं बोलले नाहीत. तिच्या हातातला ब्रश काढून त्यांनी थाळीत ठेवला आणि तिचा शाईने बरबटलेला हात आपल्या हातात धरून उभे राहिले. पलीकडे सुताराने करवत बंद केली होती.

मित्रांनो, ते चित्र माझ्याशिवाय झालं. मला वाईट वाटलं का? वाटलं. मी खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठं असं काहीतरी माझ्या छातीवरून उतरलं. लेक आता वाटेल त्यावर चित्रं काढते. खोक्यांचे पुठ्ठे, जुनी रजिस्टरं, सुताराने टाकलेल्या फळ्या. कधी स्वतःच पातळ कागदावर मेणबत्तीचं मेण चढवून माझ्यावर लावते. पाच-सात प्रती निघतात आणि कागद फाटतो. फाटला की ती दुसरा करते. भाऊसाहेबांना आता कडेचंही दिसत नाही. तरी ते दर गुरुवारी येतात, हँडल फिरवतात आणि विचारतात, "आज काय काढलंस?" आणि ती त्यांना सांगते, अगदी रेघन्‌ रेघ सांगते. सांगता सांगता कधीकधी मधेच थांबते. ती का थांबते ते मला कळतं, आणि त्यांनाही.

तुमच्याही घरी चांगल्या चित्रासाठी राखून ठेवलेली एखादी रंगपेटी असेल, अक्षर सुधारल्यावर लिहायची म्हणून कोरी ठेवलेली एखादी वही असेल. माझ्यासारखी एखादी जुनी वस्तूही असेल. तिला पुसा, तेल घाला, तिच्याशी नीट वागा, हे मी सांगेनच. पण तिच्या जिवावर कुठलं काम उद्यावर ढकलू नका. मेण सुकतं, मित्रांनो, आणि बघणारे डोळेही कायमचे नसतात. जसं येईल तसं आज काढा, आणि ज्याच्यासाठी काढलं त्याला आजच दाखवा.